ड्युरेसचा तिसरा अर्थ

इंग्रजी-मराठी शब्दकोशाच्या कचेरीत दोन माणसांचं एकोणीस वर्षं पटलं नव्हतं, आणि आता पटलं असतं तर दोघांनाही चुकल्यासारखं वाटलं असतं. एक मुख्य संपादक. त्यांच्या हातात कायम तांबडी पेन्सिल असे, म्हणून पाठीमागे सगळे त्यांना ‘पेन्सिल’च म्हणत. दुसरी, इंग्रजी ‘डी’ अक्षराचे सगळे शब्द सांभाळणारी सहसंपादिका. तिला म्हणत ‘करवत’. ती एखाद्या नोंदीला लागली की मागेपुढे, मागेपुढे करत तिचा तुकडा पाडल्याशिवाय थांबत नसे. हे नाव तिच्या कानावर आलं होतं आणि मनातून तिला ते आवडतही होतं.

भांडण पेटलं ते ‘ड्युरेस’ या शब्दावरून. हा शब्द फ्रेंचांकडून इंग्रजीत आलेला. सातशे वर्षांपूर्वी त्याचा अर्थ नुसता कठीणपणा, कडकपणा एवढाच होता. मग तो कैदेला चिकटला, म्हणजे कोंडून घातलेला माणूस ड्युरेसमध्ये आहे असं लोक म्हणू लागले. पुढे तो वकिलांच्या हाती पडला. कोंडून, मारून किंवा जिवाची धमकी देऊन घेतलेली सही खरी नव्हे, असं कोर्टात ठरलं. पण जीव आणि हातपाय यांच्यापलीकडे जायला न्यायाधीश तयार नव्हते. कुणी तुमचा माल अडवला, धंदा बसवण्याची धमकी दिली, तर खंबीर माणसाने तेवढं सोसावं, असं ते खुशाल सांगत. सांगणाऱ्यांचा माल कधी अडत नसे, ही गोष्ट वेगळी. असं शेकडो वर्षं चाललं. अगदी अलीकडे, पन्नासेक वर्षांपूर्वी, इंग्रज न्यायाधीशांनी मान्य केलं की अंगाला बोट न लावताही सही उकळता येते. पोटावर पाय दिला तरी पुरतं.

या शेवटच्या अर्थाच्या अकरा चिठ्ठ्या करवतीने जमवल्या होत्या. प्रत्येक चिठ्ठीवर छापील वाक्य, पुस्तकाचं नाव, पान, वर्ष. तीन चिठ्ठ्या असल्या की अर्थ कोशात जातो, हा कचेरीचा नियम. पण जुन्या आवृत्तीत या शब्दाची नोंद लिहिली होती खुद्द पेन्सिलने, अठ्ठावीस वर्षांपूर्वी, आणि तिच्यात दोनच अर्थ होते. कैद आणि मारहाणीचा धाक. मामला संपला.

“हा अर्थ नाही, ही तक्रार आहे,” सोमवारच्या बैठकीत ते म्हणाले. “उद्या साहेबाने डोळे वटारले तरी कारकून ड्युरेस म्हणून ओरडेल.”

“अकरा चिठ्ठ्या आहेत, साहेब. त्यातल्या सात कोर्टाच्या निकालांतल्या.”

“एकशे अकरा असू देत. कुणी हात लावला नाही, कोंडलं नाही, मग जबरदस्ती कसली? माणसाने नाही म्हणावं आणि सरळ घरी जावं.”

“तुमची नोंद जुनी झाली, याचा राग शब्दावर कशाला काढता?”

टेबलाभोवती आठ माणसं होती. आठही जणांनी एकदम आपापल्या वह्यांत डोकी खुपसली. पेन्सिलचे कान लाल झाले. त्यांनी हातातली पेन्सिल खिशात ठेवली, आणि जे त्यांना ओळखत होते त्यांना तेव्हाच कळलं की आता या बाईचं काही खरं नाही.

चार दिवसांनी त्यांनी तिला खोलीत बोलावलं. बसा म्हणाले. चहाही मागवला, म्हणजे प्रकरण गंभीर होतं.

“बाई, तुम्ही थकला आहात. ‘डी’चा खंड तीन महिन्यांत छापखान्यात जायचाय. तो दुसऱ्या कुणाला तरी करू द्या. तुम्ही आता पद सोडा.”

“मी थकलेली नाही.”

“तुमचे धाकटे बंधू खाली बांधणी विभागात आहेत ना?” चहात साखर ढवळत त्यांनी विचारलं. “कंत्राटावर. या एकतीस तारखेला कंत्राट संपतंय. नवं करायचं की नाही, त्या कागदावर माझी सही लागते. माणूस चांगला आहे. खोकतो फार, एवढंच.”

तिच्या अंगाची लाही लाही झाली. भाऊ बावन्न वर्षांचा. सरसाचा वास आणि कागदाची धूळ छातीत भरून घेत त्याने तीस वर्षं पुस्तकं शिवली होती. दुसरं काही त्याला येत नव्हतं आणि त्या छातीसकट त्याला कुणी दारात उभं केलं नसतं. समोरचा माणूस हे सगळं जाणून होता आणि साखर ढवळत होता. तो कप त्याच्या डोक्यावर उपडा करावा असं तिला वाटलं. तिने कागद ओढला.

‘मी माझ्या पदाचा राजीनामा देत आहे,’ एवढं लिहून तिने तो पुढे सरकवला.

पेन्सिलने वाचला. कपाळाला आठी पडली. सवयीने हात खिशाकडे गेला. त्यांनी ‘मी’च्या पुढे खूण करून वर तांबड्या अक्षरांत लिहिलं, ‘कोणाच्याही दबावाशिवाय, प्रकृतीच्या कारणास्तव’. मग समासात, जशी ते या कचेरीत प्रत्येक दुरुस्तीशेजारी करत आले होते तशी, छोटी सही केली. खाली तारीख घातली. वेळसुद्धा घातली, अकरा वाजून वीस मिनिटं.

“साफ प्रत करा,” ते म्हणाले.

तिने केली. त्यांनी ती घेतली, खणात ठेवली, आणि तांबडा मसुदा तिच्याकडे परत ढकलला.

“हा फायलीला लावा.”

या कचेरीत मसुदा फाडणं म्हणजे पाप होतं. ही शिस्त त्यांनीच लावली होती आणि चाळीस वर्षांत एकदाही मोडली नव्हती. आपण काय बोललो हे त्यांना कळलं नाही. तिला दार ओढून बाहेर आल्यावर कळलं, आणि तिने मसुदा नीट घडी करून पिशवीत ठेवला.

कोश चालवणाऱ्या मंडळाकडे तिने तक्रार केली ती दुसऱ्याच दिवशी. सुनावणीची तारीख मिळाली. त्या संध्याकाळी ती जिना उतरून खाली भावाकडे गेली. घर दोन मजली. वर ती एकटी, खाली भाऊ आणि भावजय. भावजय कपडे घडी करत होती. भाऊ खिडकीशी बसून वाफारा घेत होता.

तिने सगळं सांगितलं. भावाने डोक्यावरचा टॉवेल काढला, पण तोंड वर केलं नाही.

“मला माहीत होतं,” तो म्हणाला.

“काय माहीत होतं?”

“तुला बोलावलं त्याच सकाळी मुकादम मला म्हणाला, साहेबांचा निरोप आहे. बहिणीला जरा समजाव, नाहीतर एक तारखेपासून येऊ नकोस.”

“आणि तू मला बोलला नाहीस?”

“बोलून काय झालं असतं? तू भांडली असतीस.”

“भांडलेच असते!” ती ओरडली. “हेच मंडळापुढे सांगायचं. मुकादम काय बोलला ते, शब्दन् शब्द.”

“नाही गं ताई. तुझ्याकडे कागद आहे ना? तो दाखव. मला कशाला मध्ये ओढतेस? तू जिंकलीस तरी मला रोज त्या मुकादमाच्या हाताखालीच उभं राहायचंय.”

“मी कुणासाठी सही केली?”

“मी कर म्हणालो होतो?”

हे तिच्या वर्मी लागलं. ज्याच्यासाठी तिने अपमान गिळला तोच अंग चोरतोय, हे पाहून तिचं डोकं फिरलं. लहानपणापासून हा असाच, कुणी डोळे मोठे केले की पलंगाखाली जाणारा. तिने भावजयीच्या हातातल्या कपड्यांकडे पाहिलं, भिंतींकडे पाहिलं, आणि थंड आवाजात म्हणाली,

“हे घर कुणाच्या नावावर आहे, एवढं फक्त लक्षात ठेव.”

भावजयीचा हात घडीवरच थांबला. भाऊ बराच वेळ खोकला. मग म्हणाला, “किती वाजता यायचं?”

सुनावणी मंडळाच्या लांबट खोलीत झाली. मध्ये अध्यक्ष म्हणून एक निवृत्त न्यायाधीश बाई, केस पांढरे, आवाज कोरडा. दोन्ही बाजूंना मंडळाचे दोन सभासद. त्यातल्या एकाला सारखी जांभई येत होती.

पेन्सिलने सांगितलं की बाईंनी राजीनामा स्वतः होऊन दिला. प्रकृतीचं कारण होतं. आपल्याला उलट वाईट वाटलं, आपण चहासुद्धा पाजला.

करवतीने तांबडा मसुदा पुढे ठेवला.

अध्यक्षांनी चष्मा चढवला. “हे अक्षर तुमचं?”

पेन्सिलने कागद पाहिला आणि त्यांचा चेहरा खडूसारखा झाला. नाही म्हणायला जागा होती. एखादा साधा चोर नक्कीच नाही म्हणाला असता. पण स्वतःची सही नाकारणं त्या माणसाला जमण्यासारखं नव्हतं. सहीशिवाय तो होताच कोण!

“माझंच आहे,” ते म्हणाले. “मी भाषा सुधारली. मी सगळ्यांची सुधारतो.”

“त्यांच्या मनातला हेतू तुम्ही तुमच्या पेन्सिलने लिहिलात, आणि ही भाषेची सुधारणा?”

जांभई देणारा सभासद जागा झाला. करवत खुर्चीत ताठ बसली. एकोणीस वर्षांत या माणसाला असं घाम पुसताना तिने पाहिलं नव्हतं, आणि तिला ते मनापासून आवडलं. तिथेच ती थांबली असती तर भागलं असतं. कागद पुरेसा होता, अध्यक्षांच्या चेहऱ्यावर ते लिहिलेलं होतं. पण तिला तुकडा पाडायचा होता.

“माझा साक्षीदार बाहेर बसलाय,” ती म्हणाली.

भाऊ आत आला. इस्त्रीचा शर्ट, हातात रुमाल. मुकादमाचा निरोप त्याने सांगितला, शब्दन् शब्द, पाठ केल्यासारखा. पेन्सिलने मान खाली घातली. अध्यक्षांनी लिहून घेतलं आणि मग, प्रत्येक साक्षीदाराला आयुष्यभर विचारत आल्या असतील तसं, वर न बघता विचारलं,

“हे तुम्ही राजीखुशीने सांगताय ना? कुणी दबाव आणला नाही ना तुमच्यावर?”

नुसतं नाही म्हणायचं होतं.  भावाने रुमाल दोन्ही हातांत पिळला. अध्यक्षांनी आता वर पाहिलं.

“आणला,” तो म्हणाला.

“कुणी? यांनी?” त्यांनी पेन्सिलकडे बोट केलं.

“नाही. यांनी मुकादमाला पाठवलं, ते खरंय, तसंच झालं. पण मी आज यायला तयार नव्हतो. ताईने घरातून काढीन म्हणून सांगितलं. म्हणजे तसं बोलली नाही. घर कुणाच्या नावावर आहे, एवढंच म्हणाली.” त्याला खोकला आला, तो थांबेपर्यंत सगळ्यांना वाट पाहावी लागली. “आता तुम्ही विचारलंत म्हणून सांगितलं. एवढ्या वर्षांत कुणी विचारलंच नव्हतं.”

पेन्सिल हसले नाहीत. हसले असते तर तिला बरं वाटलं असतं. त्यांनी तिच्याकडे नुसतं पाहिलं, ओळखीचं माणूस दिसल्यावर पाहतात तसं, आणि त्या नजरेने तिला किळस आली.

निकाल तासाभरात लागला. साक्ष बाजूला ठेवली, कागद ग्राह्य धरला. राजीनामा रद्द, मुख्य संपादक चौकशी संपेपर्यंत रजेवर, ‘डी’चा खंड बाईंनीच पूर्ण करावा, आणि बांधणी विभागातल्या कंत्राटाला वर्षाची मुदतवाढ. तिने मागितलं होतं त्याहून जास्तच मिळालं. बाहेर पडताना अध्यक्ष तिच्याशेजारून सरळ पुढे गेल्या.

ती दुपारभर कचेरीतच बसून राहिली. सहकारी येऊन अभिनंदन करून गेले, जरा लांबूनच. तिने ड्युरेसची नोंद समोर घेतली आणि तिसरा अर्थ लिहायला बसली. चार ओळींचं काम. दोनदा लिहून खोडलं. मग तशीच घरी निघाली.

खालच्या मजल्याचं दार उघडं होतं. आत भिंतीशी बांधलेली गाठोडी होती, दोरी गुंडाळलेली दोन खोकी होती. भावजय गॅसची शेगडी पुसत होती. तिने वर पाहिलं आणि पुन्हा पुसायला लागली.

“कुठे निघालात?” करवतीने विचारलं.

“हिच्या बहिणीकडे,” भाऊ म्हणाला. “एक खोली आहे त्यांच्याकडे रिकामी.”

“अरे, तिथे ओल आहे. मागच्या वर्षी तूच सांगत होतास. तुझ्या छातीला...”

“हो. आहे ओल.”

ती उंबऱ्यातच उभी होती. माफी मागायची हे तिला कळत होतं, आणि कशी मागतात ते तिला येत नव्हतं. घरातही तिने आजवर फक्त निकाल दिले होते. 

“जाऊ नकोस,” ती म्हणाली. “इथेच राहा.”

भाऊ दोरीची गाठ मारत होता. गाठ त्याने नीट आवळली. मग त्याने मान वर केली. चेहऱ्यावर राग नव्हता. तिला भीती वाटत होती ती रागाचीच, पण हे त्याहून वाईट होतं. तो खरोखरच उत्तराची वाट पाहत होता.

“ताई,” त्याने विचारलं, “तू सांगतेयस की विचारतेयस?”

तिला म्हणायचं होतं, विचारतेय. पण तोंडातून शब्द फुटायच्या आधीच तिला कळलं की आता तिने काहीही म्हटलं, तरी तो हुकूम समजूनच मान हलवणार आणि राहणार. ती दारातून बाजूला झाली. भावाने एक खोकं उचललं आणि खोकत खोकत तो तिच्या शेजारून बाहेर पडला.