मेलेली सुई

कप्तान हसीचा ठोसा तोंडावर बसला, तरी ॲम्ब्रोज पार्डीने सुकाणू सोडलं नाही. फुटलेल्या ओठातलं रक्त थुंकून तो म्हणाला, "मारा हवं तर. पण कप्तान, ही सुई खोटं बोलतेय."

"होकायंत्र खोटं आणि तू तेवढा खरा? अंगठाछाप लेकाचा!"

"चुंबकाचा ध्रुव इथनं जवळ. सुईत जीवच उरत नाही. त्यात जहाजाच्या पोटात ते दोन लोखंडी बॉयलर. ती त्यांच्याकडे बघतेय, उत्तरेकडे नाही."

न्यूफाउंडलंडच्या जहाजांवर एकतीस वर्षं सुकाणू धरलेल्या ॲम्ब्रोजने आजवर एकही हुकूम मोडला नव्हता. पण उत्तरेच्या या बर्फाळ समुद्रात, धुक्यापलीकडे, अगदी नाकासमोर, खडकावर पाणी फुटत होतं. डावीकडे सूर्याचा फिकट डाग दिसत होता. भर दुपारचे बारा, म्हणजे दक्षिण तिकडेच. सुई मात्र त्या बाजूला पश्चिम म्हणत होती.

"सूर्य कसला? बर्फाचं तेज आहे ते. सरळ ने!"

"तेवीस माणसं आहेत जहाजावर."

"सरळ!"

ॲम्ब्रोजने डाव्या हाताने भिंतीवरची कुऱ्हाड काढली आणि होकायंत्रावर घातली. काचेचा चुरा उडाला. हसी पिसाळला. कुऱ्हाड हिसकावून तिची बोथट बाजू त्याने ॲम्ब्रोजच्या सुकाणूवरच्या उजव्या हातावर हाणली. एकदा. पुन्हा. हाडं मोडल्याचा आवाज दारातून धावत आलेल्या दुय्यम कप्तान मोझेसलाही ऐकू आला. तिसऱ्या घावाआधी त्याने हसीला कंबरेत धरून खाली आपटलं.

"सूर्य पाठीशी घे, मोझेस," ॲम्ब्रोज गुडघ्यांवर कोसळत म्हणाला. "उजवीकडे. पूर्ण!"

जहाज करकरत वळलं. धुकं विरलं, तेव्हा डाव्या अंगाला काळ्या सुळक्यांची रांग होती आणि लाटा तिच्यावर फुटत होत्या. हसी उठून ती बघत राहिला.

ॲम्ब्रोजचा हात मनगटापासून कापावा लागला. जहाजाच्या सामानाची नासधूस केली म्हणून मालकांनी त्याला कामावरून काढलं. चौकशीत हसीने खडकांचं नावही घेतलं नाही.

दोन वर्षांनी तो ॲम्ब्रोजच्या धक्क्यावर आला. ॲम्ब्रोज थोट्या हाताखाली कॉड दाबून डाव्या हाताने चिरत होता.

"त्या खडकांचं मी सांगायला हवं होतं," हसी म्हणाला.

"हवं होतं."

हसीने सवयीने उजवा हात पुढे केला. तो तसाच अधांतरी राहिला. ॲम्ब्रोजने सुरी ठेवली, डावा हात ॲप्रनला पुसला आणि क्षणभर त्याच्या हातात दिला. मग पुढचा मासा फळीवर ओढला.