भंगार कोण, ते गोजराबाईनं ठरवलं

मित्रांनो, त्या अमोलला काही बोलायची रीत आहे का? भर बैठकीत त्यानं मला भंगार म्हटलं! तेव्हापासून माझ्या जिवाला स्वस्थता नाही. मी एक जुनी टर्बाईन आहे, भंगार नाही. मुळशीच्या डोंगरातल्या आमच्या वाडीत बाहेरची लाइन अजून आलेली नाही. बावीस वर्षं इथला उजेड माझाच.

वर बारमाही ओढ्याला छोटा बांध आहे. तिथलं पाणी जाळीतून टाकीत येतं आणि जाड पाइपातून उतारानं थेट माझ्या चाकावर आदळतं. चाक गरगरतं, त्याच्या दांड्याला जोडलेल्या जनित्रात चुंबक तांब्याच्या वेटोळ्यांपाशी फिरतो आणि वीज तयार होते. पाण्याचा थेंबही मी ठेवून घेत नाही. काम झालं की सगळं ओढ्याला परत.

जाळीवरचा पाला काढायची पाळी घराघरावर असते. ज्याची पाळी, त्याच्या दारात दाताळं उभं. ही शिस्त अमोलच्या आजीची, गोजराबाईची. माझा पहिला दिवा लागला तेव्हा तिनंच मला हळदकुंकू वाहिलं होतं.

यंदा दिवाळीनंतर मात्र मला धाप लागली. पाणी कमी, पाइपात हवा, अंग नुसतं थरथरायचं. दिवे मिणमिणले, गिरणी अडली. वाडीची बैठक बसली. पाहुण्यांना भाड्यानं खोल्या देणारा अमोल म्हणाला, "आज्जे, हिचं वय झालं. डिझेलचा जनरेटर आणू. सोमवारी पौडवरनं भंगारवाल्याचा टेम्पो बोलावलाय."

गोजराबाई उठली. "आदी पाणी कुटं जातंय ते बघती," म्हणाली आणि दाताळं घेऊन चढ चढू लागली.

मी ताटकळत होते. अचानक पाइपातली हवा फुसकन गेली, पाणी भरून आलं आणि मी पहिल्यासारखी घुमू लागले!

थोड्या वेळानं गोजराबाई माझ्या खोलीच्या दारात आली. एका हातात टाकीतून उपसलेली काळी नळी, दुसऱ्या हातात अमोलचा दंड.

"आज्जे, पावसाळा सरला की पाहुण्यांना धबधबा कुटनं दावू? म्हणून अंगणात सिमिटाचा केला. थोडंच पाणी घेतलं."

मित्रांनो, यंत्र कुरकुरलं तर आधी त्याचं पाणी बघा, वय नंतर मोजा. मला हे ओरडून सांगायचं होतं, पण गोजराबाईनं तोंड उघडलं होतं.

"हिचं पाणी चोरून धबधबा केलास, आन त्याच्यावर रंगीत दिवं लावाया हिच्याकडंच वीज मागतुयास व्हय रं? येऊ दे त्यो टेम्पो. ही नळी आन तुजं रंगीत दिवं त्यात जात्याल. आन हे दाताळं धर. होळीपातूर जाळी तुजी!"