वरणाची निवळ

रंभाबाईच्या तोंडाला लागायची टाप नव्हती कुणाची. सुनेला पांढऱ्या पायाची म्हणणाऱ्या शेजारणीला तिनं भर विहिरीवर झोडपलं होतं, "तुह्या जिभेले हाड नाई, अन् माह्या हाताले आवर नाई. ध्यानात ठेव!"

पण सुनेचं, भागीरथाचं, दुखणं काही शिव्यांनी पळणारं नव्हतं. बाळंत झाल्यापासून तिचे पाय सुजले होते. आडवं झालं की श्वास कोंडायचा, म्हणून बिचारी भिंतीला टेकून बसल्या बसल्याच झोपायची.

शेवटी रंभानं मुलाला, वारलूला, बंडी जुंपायला लावली आणि तिला मूल गावच्या दवाखान्यात नेलं. इंग्रज जाऊन आठ-नऊ सालं झाली होती, अन् दवाखान्यात नागपूरचा नवा डाक्टर आला होता. त्यानं छातीला नळी लावून बराच वेळ ऐकलं.

"बाई, हिचं काळीज फुगून सैल पडलंय. काळीज म्हणजे मांसच, रात्रंदिवस राबणारं. डाळ, मासे खाल्ले की पोटात त्यांचे बारीक कण होतात. अमायनो ॲसिड म्हणतात त्यांना. त्यांनीच काळीज आपली झीज भरून काढतं. हिला खायला काय देता?"

"मीठभात. बाळंतिणीले डाळ बादते ना, भाऊ."

"तेच चुकतंय. या गोळ्या द्या, आणि रोज डाळ, मासे. नाहीतर ही वाचायची नाही."

रंभाची स्वतःची लेक बाळंतपणातच गेली होती. आता सूनही? नाई, जीव गेला तरी नाई! पण डाळ द्यायची तर तिचा हात धजेना. डाळीचा गाळ बाळंतिणीच्या पोटात बसतो, असं तिच्या सासूनं शिकवलेलं. परतताना बंडीतच तिला तोड सुचली. पेजेचं सत्त्व पाण्यात, काढ्याचं सत्त्व पाण्यात, मग डाळीचं कुठी जाईल? डाक्टरचंही राहील अन् रीतही राहील.

झालं! तूर रटरटा शिजवायची, निवळू द्यायची आणि वरची पाण्यासारखी निवळ सुनेच्या वाटीत ओतायची. वारलू बोडीतून, शेतालगतच्या तळ्यातून, मासोळी आणायचा, तिचा रस्सा फडक्यातून गाळायचा. उरलेली डाळ अन् मासोळीचे तुकडे टाकवतात का? अन्न ते. ते रंभा अन् वारलू खायचे.

"एक तुकडा द्या ना बाई, वास सुटला," भागीरथा म्हणायची.

"जिभेचे चोचले नको करू. बरी झाली का परातभर देतो."

सूज मांड्यांपर्यंत चढली. आता तिला बंडीत घालायचीही सोय उरली नाही, म्हणून रंभा एकटीच मूलला गेली.

"डाळ, मासे देता ना?" डाक्टरनं विचारलं.

"रोज! एक दिस नाई चुकला."

"कसं देता, सांगा बरं."

रंभानं मोठ्या तोऱ्यात सगळं सांगितलं.

"बाई, पाण्यात काही नसतं हो. तिला जे हवं होतं, ते सगळं तुम्ही खाल्लंत."

ती धावतपळत घरी आली. घट्ट वरण रांधलं, मासोळीचे काटे काढले, सुनेला मांडीशी घेऊन घास भरवले. भागीरथा हसली. "आज काऊन जी एवढी मेहरबानी?" दोन घास कसेबसे उतरले, तिसरा तोंडातच राहिला. दिवस मावळायच्या आत ती गेली.

आंगणात बाया जमल्या, उष्ट्या वरणाची वाटी बघून कुजबुजल्या. "डाळ बादते म्हणतात ते खोटं नाई. गाळ चारला अन् पोरगी गेली."

त्यात मनकर्णा होती. तिची लेक बाळंत होऊन माहेरीच होती. "आमच्या पोरीले तर मी वासही लागू देणार नाई."

रंभा ताडकन उठली. "नाई वं मनकर्णा! डाळच दे तिले, मासोळी दे! गाळानं नाई मेली ही, म्या मारली, म्या खाल्ली!"

बायांनी तिला धरून खाली बसवलं.

"दुःखानं डोस्कं फिरलं बिचारीचं," मनकर्णा डोळे पुसत म्हणाली, आणि लेकीसाठी मीठभात टाकायला घरी गेली.