टॉवेलखालचा सौदा

गेटाची कडी काढून आत पाऊल टाकलं न टाकलं तोच वैजयंतीला कळून चुकलं, हेच आपलं घर. का, ते तिला सांगता आलं नसतं. घर काही बंगला नव्हतं. होटगी रोडच्या आतल्या अंगाला, जुन्या सोसायटीतल्या दोन खोल्या आणि स्वयंपाकघर, पुढं जरासं अंगण, वर गच्ची, मागं बोअर. पण छातीत असं धडधडायला लागलं की ओढणी सारखी करायच्या निमित्तानं तिनं मान खाली घातली. कारण मागून सासरे येत होते, आणि सासऱ्यांचा कडक हुकूम होता: आवडलं तरी तोंडावर दिसता कामा नये.

सासरे म्हणजे करकंबचे आप्पा. शेती होतीच, पण माणूस ओळखला जायचा तो बैलांच्या व्यवहारासाठी. जिल्ह्यातले झाडून सगळे बाजार त्यांनी पालथे घातलेले. सुनेला आणि लेकाला सोलापुरात घर घ्यायचंय म्हटल्यावर त्यांनी परस्पर ठरवूनच टाकलं, की घर काय नि बैल काय, घेणाऱ्यानं आधी खोड काढायची. मालकाचं तोंड उतरलं की भाव उतरतो. झालं, तेव्हापासून प्रत्येक घर बघायला आप्पा खांद्यावर टॉवेल टाकून एसटीनं हजर.

आता वैजयंतीही काही भोळी राहिली नव्हती. सोलापुरात घर शोधायला लागलं की माणूस आपोआप शहाणा होतो. सात रस्त्याच्या आसपास नुसता दर विचारायचा आणि गुपचूप घरी येऊन पंखा लावून बसायचं. जुळे सोलापुरात दर ऐकून तिच्या नवऱ्यानं, ऋतुराजनं, एजंटला दोनदा विचारलं, की हा पूर्ण घराचा का नुसत्या हॉलचा. शहराबाहेर गुंठ्यावर प्लॉट स्वस्त मिळायचे, पण एन.ए. झालंय का विचारलं की एजंट चहा मागवायचा. 'होऊन जाईल की मॅडम,' म्हणायचा. कधी, ते त्यालाच ठाऊक. फ्लॅट बघावेत तर लिफ्ट आरशासारखी चकचकीत आणि नळाला सूं सूं आवाज. ज्या गावात पाणी काही दिवसांआड येतं, तिथं भिंतीपेक्षा नळाला किंमत जास्त, हे तिनं पक्कं ओळखलं होतं. मग तिनं एक युक्ती काढली. पाणी यायच्या आदल्या दिवशीच घर बघायला जायचं आणि बसल्या बसल्या प्यायला पाणी मागायचं. घरधनीण हंड्यात डोकावून अर्धा पेला आणते का बिनघोर तांब्या भरून देते, यावर त्या गल्लीचा सगळा निकाल लागायचा. एजंट लोक तिच्यासमोर पाण्याच्या गप्पा मारायचे बंद झाले.

पण एवढा शहाणपणा करूनही विजापूर रोडचं एक छान घर हातचं गेलं, ते आप्पांमुळं. त्यांनी भिंतीवर बोटं वाजवली, छताकडं बघून 'कंबर खचलीया' म्हणाले, आणि वर मालकाला 'म्हातारं झालं की घर तुमचं' असं ऐकवलं. मालक निवृत्त मास्तर. त्यांनी हात जोडले, दार लावून घेतलं आणि त्याच संध्याकाळी घर दुसऱ्याला देऊन टाकलं. वैजयंतीला कितीतरी दिवस अन्न गोड लागलं नाही.

आणि आप्पांना अजून खरी गोष्ट तर ठाऊकच नव्हती. ऋतुराज होटगीला ठेकेदाराकडं रेल्वेच्या कामावर. त्याचा पगार कधी हातात, कधी वायद्यावर. बँकेनं कर्ज मंजूर केलं होतं ते वैजयंतीच्या पगारावर, सरकारी दवाखान्यातल्या स्टाफ नर्सच्या. घर तिच्याच नावावर होणार होतं. हे आप्पांना ऋतुराजनं सांगायचं असं ठरलं होतं. गडी स्वभावानं सोन्यासारखा, पण बापासमोर जीभ टाळ्याला चिकटायची. सांगायला म्हणून करकंबला जायचा आणि हुरडा खाऊन परत यायचा.

नाव लागायचं ते बँक म्हणते म्हणूनच, असं मात्र नव्हतं. वैजयंतीला ते हवंच होतं, अगदी जिवापासून हवं होतं. माहेरी ती परक्याचं धन होती, सासरी बाहेरून आलेली, आणि सोलापुरात भाडेकरू. एक तरी दार असं असावं की ज्याच्या आत आपण कुणाच्या मेहेरबानीनं राहत नाही, एवढंच तिचं म्हणणं. आणि हे दार आज समोर होतं. संध्याकाळी दुसरं गिऱ्हाईक येणार होतं, तेही एजंटनं सांगून ठेवलं होतं. म्हणजे काय व्हायचं ते आत्ताच.

घर शेखलालचाचांचं. पूर्वी त्यांचे ट्रक होते, आता लेकाकडं हैदराबादला कायमचे निघालेले. त्यांच्या बायकोनं, माजिदाचाचींनी, मागायच्या आतच तांब्या भरून पाणी आणलं आणि वर, 'पाय धुवायचे असतील तर मागं बोअरला भरपूर आहे,' म्हणाल्या. वैजयंतीनं ऋतुराजकडं बघितलं. ऋतुराजनं छताकडं बघितलं. दोघांनाही हसू दाबवेना.

तेवढ्यात आप्पा सुरू झाले. पायरी उंच हाय. दाराची चौकट कलली. अंगणात ऊन लई येतंय. न्हाणी उगवतीला कशापायी. माजिदाचाचींच्या कपाळावर आठी चढत चाललेली वैजयंतीला दिसत होती. विजापूर रोडचे ते जोडलेले हात तिच्या डोळ्यांपुढं उभे राहिले.

पण शेखलालचाचा चिडले तर नाहीतच, उलट गालातल्या गालात हसायला लागले. म्हणाले, आप्पा, तुम्ही बैलांच्या बाजारातले दिसता. आप्पांचा हात चौकटीवरच थांबला. कळलं कसं, तर चाचांच्या ट्रकमधून वर्षानुवर्षं बाजाराची जनावरंच जायची. मग काय विचारता, कुठल्या बाजारात कोण दलाल, कुणी कुणाला कशी टोपी घातली, दोघांची अशी काही गट्टी जमली की घर राहिलं बाजूला. आणि बोलता बोलता आप्पांनी खांद्यावरचा टॉवेल काढला. चाचांनी हात पुढं केला. टॉवेल दोघांच्या हातांवर पडला.

बैलाच्या बाजारात भाव तोंडानं बोलत नाहीत. टॉवेलखाली एकमेकांची बोटं धरायची, दाबायची, सोडायची, आणि आकडा त्या दोघांतच राहतो. भोवतीच्यांनी नुसती तोंडं बघायची. आता दिवाणावर दोन म्हातारे गुडघ्याला गुडघा लावून बसले, टॉवेल आतून हलायला लागला, आणि ऋतुराज स्टुलावर बसून त्या टॉवेलकडं असा बघत राहिला, जणू त्याची दहावीची मार्कलिस्ट त्याच्याखाली होती. वैजयंतीला हसावं की रडावं कळेना. तिच्या पगाराचा, तिच्या पुढच्या सगळ्या वर्षांचा आकडा तिथं ठरत होता, आणि तो तिला ऐकूही येणार नव्हता.

माजिदाचाचींनी तिला खुणेनं स्वयंपाकघरात बोलावलं. हे दोघं चहा थंड करणार, आपण तरी गरम पिऊ, म्हणाल्या. ओट्याजवळ खिडकीखाली शिलाई मशीन होती. शाळेचे गणवेश शिवून त्यांनी बोटं झिजवली होती. बोलता बोलता त्यांनी सांगितलं, की ट्रक फायनान्सवाल्यांनी ओढून नेले, एकदा नव्हे दोनदा, पण घराला कुणी हात लावू शकलं नाही. कारण घर पहिल्यापासून त्यांच्या नावावर. शिलाईच्या पैशातून घेतलेलं.

वैजयंती कप हातात धरून तशीच उभी राहिली.

"तुमचं घर कुणाच्या नावावर होणार?" चाचींनी विचारलं.

"माझ्या," वैजयंती म्हणाली. कुणासमोर हे तिनं पहिल्यांदाच मोठ्यानं म्हटलं होतं, आणि म्हणताना तिला इतका आनंद झाला की डोळ्यांत पाणी आलं.

"आप्पांना माहीत आहे?"

तिनं मान हलवली. नाही.

चाचींनी कप ओट्यावर ठेवला. मग सरळ आपला आकडा सांगितला. आडपडदा नाही, बोटं नाहीत. आकडा वैजयंतीच्या कर्जात बसत होता, अगदी काठोकाठ, पण बसत होता. तिनं तिथल्या तिथं हो म्हटलं. चाचींनी एकच अट घातली. म्हणाल्या, बाहेर जाऊन आधी तुमच्या सासऱ्यांना सांगा. घर चोरून घ्यायची गोष्ट नाही, बेटी. उद्या दारावर पाटी लागेल, तेव्हा काय करणार?

दोघी बाहेर आल्या तर आप्पा टॉवेल झटकत उभे राहत होते. चेहऱ्यावर नुसता उजेड. खोड काढून काढून दमलेला माणूस स्वतःच घराच्या प्रेमात पडला होता, हे आंधळ्यालाही दिसलं असतं.

"ठरलं," ते म्हणाले. "पोरी, घर आपलं झालं."

आता बोलली नाही तर जन्मात बोलणार नाही, हे वैजयंतीला कळत होतं. तिनं भिंतीला हात टेकला.

"आप्पा, घर मी घेतेय. कर्ज माझ्या पगारावर आहे, आणि खरेदी माझ्या नावानं होणार आहे."

आप्पांनी लेकाकडं बघितलं. ऋतुराज स्टुलावरून उठला. घाम फुटला होता बिचाऱ्याला, पण उठला.

"व्हय आप्पा," तो म्हणाला. "मीच सांगायचं होतं. मला जमलं न्हाय."

"आणि विकणारी मी आहे," माजिदाचाची नवऱ्याकडं वळून म्हणाल्या. "तुम्ही कुणाचं घर ठरवत होतात?"

शेखलालचाचांनी डोक्यावरची टोपी मागं सरकवली. "आप्पा," ते म्हणाले, "आपण दुसऱ्याचा बैल दुसऱ्यालाच विकला की."

एरवी या वाक्यावर सगळा बाजार हसला असता. पण आप्पा हसले नाहीत म्हणून कुणीच हसलं नाही. त्यांनी टॉवेल खांद्यावर टाकला, चपला पायात सरकवल्या आणि गेटाबाहेर गेले. घर तर वैजयंतीचं झालं होतं, पण त्यापायी करकंबचं दार बंद झालं का काय? रागावून एसटी स्टँडला गेले तर? तिनं खिडकीचा पडदा बाजूला केला.

आप्पा गेटाशीच उभे होते, कानाला फोन लावून. ते फोनवर बोलायचे तेव्हा अख्ख्या गल्लीला ऐकू जायचं. पलीकडं सारजाबाई होत्या, वैजयंतीच्या सासूबाई. घर झालं, आप्पा सांगत होते, झ्याक हाय, बोअरला पानी हाय. मग, कुणाच्या म्हंजे, वैजयंतीच्या. व्हय, तिच्या एकटीच्या नावावर. मला तरी कुटं ठावं हुतं. मग ते बोलायचे थांबले. बराच वेळ नुसतं ऐकत राहिले. शेवटी फोन खाली घेतला, त्याच्याकडं बघितलं आणि खिशात टाकला.

ते आत आले, चपला काढल्या आणि माजिदाचाचींना विचारलं, तुमचा आकडा काय. चाचींनी खणखणीत आवाजात सांगितला. तो ऐकून शेखलालचाचांचं तोंड पडलं आणि आप्पांचा जीव भांड्यात पडला. यावरून काय ते सगळे समजले. घराच्या लोभात आप्पा भलतेच वर गेले होते. टॉवेलखाली नक्की किती ठरलं होतं, ते मात्र दोघांनी आजवर कुणाला सांगितलेलं नाही.

इसाराची रक्कम द्यायची वेळ आली तेव्हा आप्पा आपण होऊन मागं सरले. वैजयंतीनं स्वतःच्या हातानं ती चाचींच्या हातात ठेवली. चाचींनी तिचे दोन्ही हात धरले आणि सोडेचनात. बाहेर दुसऱ्या गिऱ्हाइकाची गाडी येऊन थांबली होती. शेखलालचाचांनी दारातूनच सांगितलं, घर गेलं.

निघताना ऋतुराजला तर आनंदानं चालताही येत नव्हतं धड. तो गच्चीवर कुठं पत्रे टाकायचे, अंगणात कुठलं झाड लावायचं, असं काहीबाही बोलत पुढं गाडी काढायला गेला. वैजयंती गेट लावत होती. आप्पा तिच्याजवळ रेंगाळले. घसा खाकरला, पुन्हा खाकरला.

"सारजा इचारत हुती, तिच्या सोताच्या नावावर काय हाय म्हनून."

वैजयंतीचा हात कडीवरच राहिला. "मग तुम्ही काय म्हणालात?"

"म्हनलं, समदं तुजंच की. तर म्हनली, नाव कुटं हाय ते सांगा." आप्पा रस्त्याकडं बघत बोलत होते. "पोरी, शेताच्या उताऱ्यावर बायकोचं नाव लावायचं म्हनलं तर काय कागद लागत्यात?"

"उद्या विचारून सांगते, आप्पा."

"उद्या नगं, आजच इचार," आप्पा म्हणाले. "ती माजा फोन उचलंना झालीया."