दोन खुणांच्या मधलं ऑइल

मित्रांनो, मी एका जुन्या, छोट्या गाडीची डिपस्टिक आहे. बॉनेट उघडलं की इंजिनाच्या कुशीत एक पिवळं कडं दिसतं, तो माझा कान. तो धरून मला उपसलं की लांब पोलादी पट्टी बाहेर येते आणि तिच्या टोकाला दोन खुणा असतात. ऑइल खालच्या खुणेखाली गेलं तर इंजिन घासून मरतं. वरच्या खुणेवर गेलं तर फेसाळतं, धूर सोडतं. एवढंच माझं शिक्षण. पण वर्षानुवर्षं काळोखात उभं राहून स्वभाव मात्र संशयी झाला आहे. कुणी कॅन घेऊन जवळ आलं की मी आधी विचारते, ह्यात आहे तरी काय?

ह्याला कारण माझा पहिला मालक. सात वर्षांत त्याने मला चारदा उपसलं. पाचव्यांदा उपसलं ते गाडी विकताना. तळाशी डांबरासारखा गाळ होता आणि त्यावर त्याने नवं ऑइल ओतलं. गिऱ्हाइकाला माझं सोनेरी टोक दाखवून तो हसला. तेव्हापासून सोनेरी रंगावरही माझा विश्वास नाही.

ते गिऱ्हाईक म्हणजे राजश्री. जयगडजवळच्या वाडीतली, नवरा विनीत मुंबईला नोकरीत. तिने गाडी घेतली सासऱ्यांसाठी. आप्पांची मूत्रपिंडं थकलेली. दर मंगळवारी आणि शुक्रवारी त्यांना रत्नागिरीला डायलिसिसला न्यावं लागतं. एक वार चुकला तरी त्यांना श्वास लागतो. म्हणून निघायच्या आधी राजश्री मला उपसायची, जुन्या साडीच्या तुकड्याने पुसायची, परत बुडवायची आणि उजेडात धरून बघायची. एवढा मान मला जन्मात मिळाला नव्हता.

दिवाळीत ऑइल बदलायची वेळ आली. नाक्यावरच्या गॅरेजवाल्या विनोदने गाडीचं पुस्तक उघडलं. ह्यात लिहिलंय तेच घालू, म्हणाला.

"पाण्यासारखं पातळ हाय ते," आप्पा मागच्या सीटवरून ओरडले. "म्हाताऱ्या इंजिनाला जाड ऑइल लागतं. बोटीवर तीस वर्षं इंजिन सांभाळलंय मी."

"आप्पा, ती बोट होती. ही गाडी आहे," राजश्री म्हणाली.

पुस्तकातलंच ऑइल पडलं, वरच्या खुणेपर्यंत. "पाणी, नुसतं पाणी," असं आप्पा घरापर्यंत पुटपुटत राहिले.

आठवड्याने राजश्रीने मला उपसलं आणि तिच्या कपाळाला आठी पडली. ऑइल वरच्या खुणेच्या नखभर वर. पुढच्या मंगळवारी बोटभर. गणपतीपुळ्याच्या चढावर मागे निळा धूर निघाला.

जुन्या गाडीत ऑइल कमी होतं, मित्रांनो. वाढतं कसं?

"आत पाणी मिसळत असेल तर इंजिन खोलावं लागेल, वहिनी," विनोद म्हणाला. "पाच दिवस गाडी इथेच."

"पाच दिवस? आणि शुक्रवार?" राजश्रीने मला त्याच्या नाकासमोर धरलं. "पाणी मिसळलं तर ऑइल दूध घातलेल्या चहासारखं दिसतं, तूच सांगितलं होतंस. हे दिसतंय का तसं?"

"नाय दिसत. म्हणून तर विचारतो. तुम्ही वर काय ओतलंत का?"

"मी कशाला ओतू? तूच मापात चुकला असशील!"

ती त्याच्यावर संशय घेत होती, तो तिच्यावर. मला खरं ठाऊक होतं, पण मला फक्त खूण दाखवता येते, नाव सांगता येत नाही.

गुरुवारी संध्याकाळी राजश्रीने खोबरेल तेलात कुंकू कालवलं आणि माझ्या कड्याला आतल्या बाजूने लावलं. जो ओततो तो मला उपसून बघणारच, असा तिचा हिशेब. जन्मात पहिल्यांदा मला कुंकू लागलं, तेही सापळा म्हणून.

शुक्रवारी सकाळी कडं पुसट झालं होतं. मला हातात घेऊनच ती पडवीत गेली. आप्पा चहा घेत होते. पांढऱ्या कपावर तीन लाल बोटं उठली होती.

"आप्पा, बोटं कसली लाल?"

"देवाला फुलं घातली गो."

"देवाचं कुंकू डबीत आहे. हे गाडीचं."

आप्पांनी माझ्याकडे बघितलं, मग बोटांकडे. "होडीच्या इंजिनाचं ऑइल पडून होतं," ते हळूच म्हणाले. "तू मला नेतंस, आणतंस. मी मागं पिशवीसारखा बसतो. म्हटलं, आपल्याला येतं तेवढं तरी करावं. रोज वाटीभर..."

"किती वाट्या?"

"सात. आठ असतील."

राजश्री पायरीवर बसली. रागावेल असं मला वाटलं होतं. "आप्पा, तुम्हाला दिवसाला पाणी किती?"

"लिटरभर. तूच तर मोजून देतंस."

"आणि मी मायेने रोज वाटी-वाटी जास्त दिलं तर?"

आप्पांनी कप खाली ठेवला. "श्वास लागंल," म्हणाले.

मग दोघं आधी नाक्यावर गेली. विनोदने खालचा बोल्ट काढून सगळं मिसळलेलं ऑइल सोडून दिलं आणि नवा फिल्टर बसवला.

"तुला चोर समजले होते रे," राजश्री म्हणाली.

"मी पण तुम्हाला," विनोद म्हणाला.

नरसाळं आप्पांनी धरलं. मला तीनदा उपसून बघितलं आणि "बस!" म्हणाले. त्या दिवशी दवाखान्यात पोहोचले तेव्हा त्यांच्या वेळेला पाच मिनिटं शिल्लक होती.

आता रोज सकाळी, इंजिन थंड असताना, आप्पाच मला उपसतात. पुसतात, बुडवतात, बघतात आणि काहीही न ओतता परत ठेवतात. राजश्रीने त्यांच्या पाण्याच्या बाटलीवर नेलपॉलिशने एक रेघ मारली आहे. ते माझ्याकडे संशयाने बघतात, ती बाटलीकडे. मला वाटतं, ह्या घरात माया अशीच करतात.

मित्रांनो, तुमच्याही घरी कुणी थकलेलं असेल, माणूस किंवा गाडी. त्याच्यासाठी वाटी जरूर भरा. पण ओतायच्या आधी एकदा खूण बघा.