मुलीसाठी काढलेला बार

मित्रांनो, जरा डोळे मिटा आणि कल्पना करा. तुम्ही एका खोलीत उभे आहात. खोलीला खिडकी नाही. तुमच्यासारखेच आणखी बारा जण भिंतीला टेकून उभे आहेत आणि कोणीच बोलत नाही. तुमच्या गळ्यात पुठ्ठ्याचा एक तुकडा बांधला आहे. त्यावर तुमचं नाव नाही, नुसता आकडा आहे, सात. दार बंद आहे, पण जुनं असल्यामुळे त्याच्या खाली बोटभर फट राहिली आहे. त्या फटीतून उजेडाची पट्टी आत येते आणि त्या पट्टीत दोन पाय दिसतात. कापडी बूट, डाव्या बुटाला नाडीऐवजी सुतळी. हे पाय तुमच्या ओळखीचे आहेत. ते सकाळी येतात, संध्याकाळी जातात आणि दिवसभर जागचे हलत नाहीत.

आता डोळे उघडा. तुम्ही उघडू शकता. मला त्या खोलीतून बाहेर पडता येत नव्हतं.

मी एक जुनी एकनळी बंदूक आहे. कोडगूच्या, म्हणजे कूर्गच्या, डोंगरातल्या मूडकेरी गावात, उत्तय्या आज्जाच्या घरी माझं आयुष्य गेलं. माझी नळी कुठल्या कारखान्यात घडली ते मला आठवत नाही. दस्ता मात्र गावच्या सुताराने शिसवीचा केला आणि मेण लावून इतका घासला की त्यात दिवा दिसायचा. उत्तय्या तेव्हा लष्करातून पहिल्या सुट्टीवर आलेला तरुण होता. त्याने मला घरातल्या मधल्या खोलीत, समईच्या वरच्या खुंटीवर टांगलं. आमच्याकडे बंदुकीची जागा तीच. भातलावणी संपली की आमचा सण येतो. त्या दिवशी माझ्या नळीच्या तोंडात कळलावीचं फूल खोचायचे आणि मग माळावर उंच झाडाला बांधलेला नारळ फोडायची शर्यत लागायची. तीन वर्षं लागोपाठ तो नारळ मी फोडला. तेव्हा माझा काय रुबाब होता म्हणून सांगू!

मग एका वर्षी आज्जाच्या धाकट्या भावाने मला ओढ्यात पाडलं. काडतुसाच्या बुडावर आघात करणारी माझी खीळ तुटली. लोहाराने नवी बसवली, पण ती किंचित तिरकी बसली. तेव्हापासून काडतुसावरचा खळगा मधोमध न पडता डावीकडे पडतो. आज्जा मला ‘डावरी’ म्हणू लागला. शर्यतीला मला कोणी नेईना. आज्जाचा मुलगाही पुढे लष्करात गेला. सुट्टीवर आला की म्हणायचा, “अप्पा, आता हिला मोडीत काढा.”

“काढू की. मग माझाही नंबर लाव,” आज्जा म्हणायचा आणि मला तेल लावायला बसायचा.

त्याच्याशेजारी त्याची नात डेचम्मा बसायची. ती नऊ वर्षांची होती. आज्जा तिला एकच धडा पुन्हा पुन्हा शिकवायचा. “हातात घेतली की आधी उघडायची. नळी रिकामी आहे का बघायची. मग बोलायचं. आणि तोंड माणसाकडे करायचं नाही. कुत्र्याकडेसुद्धा नाही.”

एका बुधवारी सकाळी घरात बाळ रडलं. डेचम्माला बहीण झाली होती. आमच्याकडे मुलगा झाला की उंबऱ्याबाहेर बंदुकीचा बार काढतात, म्हणजे आसपासच्या मळ्यांना कळतं की एक माणूस वाढलं. मुलगी झाली की घर गप्प असतं.

डेचम्मा आज्जासमोर येऊन उभी राहिली. “आज्जा, बार?”

“मुलगी झाली गं.”

“माहीत आहे. बार?”

“मुलीला काढत नाहीत.”

“माझ्या वेळी पण नाही काढलास?”

आज्जाने मान खाली घातली. “नाही.”

“मग मी आले ते लोकांना कसं कळलं?”

आज्जा उठला. मग त्याने मला खुंटीवरून काढलं. एक काडतूस घेऊन चाकूने त्याचं तोंड कापलं, आतली पुठ्ठ्याची चकती काढली आणि बारीक छर्रे काड्यापेटीत ओतले. “वर उडवलेले छर्रे कुठेतरी खाली येतातच,” तो म्हणाला. “बाळाच्या नावाने कोणाच्या डोक्यात नकोत.” चकती आणि काड्यापेटी त्याने डेचम्माकडे दिली. मग उंबऱ्याबाहेर उभं राहून आभाळाकडे नळी करून त्याने नुसत्या दारूचा बार काढला. इतक्या वर्षांत इतक्या आनंदाने मी कधी गरजले नव्हते. डेचम्माने गरम रिकामं काडतूस उचललं, फुंकर घातली आणि खिशात टाकलं.

त्याच दिवशी दुपारी जंगलाच्या कडेला एक हत्ती मरून पडलेला सापडला. त्याच्या कपाळात गोळी होती आणि सुळे कापून नेले होते.

गुरुवारी उजाडता उजाडता अंगणात जीप थांबली. नवे फौजदार शिवलिंगय्या खाली मैदानी भागातून बदलून आले होते. ते हवालदारांना घेऊन थेट मधल्या खोलीत शिरले.

“साहेब, बूट,” आज्जा म्हणाला. “समई आहे.”

“समईला काही होत नाही.”

“झडतीचा कागद?”

“मागून येईल.”

त्यांनी भाताचे हारे उलथे केले, कॉफीच्या गोण्यांत काठ्या खुपसल्या, बाळंतिणीच्या खाटेखाली वाकून पाहिलं. हवालदार लोकेश गोणीत कोपरापर्यंत हात घालून चाचपू लागला तेव्हा आज्जा म्हणाला, “हत्ती गोणीत लपत नाही बाबा.” लोकेशला हसू आलं. फौजदारांना आलं नाही.

आज्जाने पत्र्याच्या डबीतून दाखला काढून दिला. आमच्या लोकांना बंदुकीसाठी परवाना लागत नाही, ही पिढ्यान्‌पिढ्यांची सूट आहे, असं त्यावर लिहिलेलं होतं. फौजदारांनी तो वाचून परत केला. “हा बंदूक ठेवायचा दाखला आहे. हत्ती मारायचा नाही.” त्यांनी माझ्या नळीचा वास घेतला आणि त्यांचा चेहरा बदलला. “काल बार काढला होतास?”

“काढला. नात झाली.”

त्या सकाळी गावातल्या तेरा बंदुका काडतुसांसकट जीपमधून गेल्या. पावती कोणालाच मिळाली नाही. आज्जाही जीपमध्ये होता.

ठाण्यातली ती बिनखिडकीची खोली तुम्ही मघाशी पाहिलीच आहे. दाराला लागूनच बाहेर एक बाक होता. मला दिसत फारसं नसे, पण ऐकू सगळं येई. पहिल्याच दिवशी फौजदारांनी गावचे वडीलधारे माचय्या यांना बोलावलं.

“तुमच्यात मुलगी झाली की बार काढतात?”

“नाही,” माचय्या म्हणाले. “साठ वर्षांत मी तरी ऐकला नाही. पण उत्तय्या खोटं बोलत नाही.”

“दोन्ही एकदम खरं कसं असेल?”

आमची रीतच आज्जाच्या विरुद्ध साक्षीला उभी राहिली होती.

“सत्तरी आली आणि आता रीत मोडलीस? का?” फौजदारांनी आज्जाला विचारलं.

“आनंद झाला,” आज्जा म्हणाला. डेचम्माने हट्ट धरला होता हे त्याने सांगितलं नाही. ठाण्याच्या कागदावर नातीचं नाव चढायला नको होतं त्याला.

“अटक नाही,” फौजदार म्हणाले. “फक्त रोज सकाळी यायचं आणि इथे बसायचं. हत्तीचा अहवाल येईपर्यंत.”

“कधी येईल?”

“येईल तेव्हा.”

आज्जाला कोठडीत टाकलं नव्हतं, पण त्याला दिवसभर मळ्यावर जाता येत नव्हतं, बाळाला मांडीवर घेता येत नव्हतं. त्याच्या नावामागे गावात ‘हत्तीवाला’ असं लागलं होतं. मी भिंतीच्या या बाजूला आणि तो त्या बाजूला. मधे फक्त ती फट.

दुसऱ्या दिवशी कापडी बुटांशेजारी वहाणा येऊन बसल्या.

“तू कशाला आलास, माचय्या?”

“मी खरं बोललो म्हणून तू बसलास. मग मीही बसतो.”

“तुझ्या बसण्याने बाक मोडेल, बाकी काही व्हायचं नाही.”

दुपारी दोघं डबा उघडायचे. तांदळाच्या उकडलेल्या गोळ्यांचा वास माझ्यापर्यंत यायचा. लोकेश म्हणायचा, “आज्जा, आज हत्तीचं मटण नाही ना?” आणि आज्जा त्याच्या हातावर एक गोळा ठेवायचा. आत मात्र माझ्या नळीत ओल शिरत होती. गंज चढताना आवाज होत नाही, पण आम्हाला कळतं.

मंगळवारी त्या पट्टीत दोन लहान पाय दिसले. शाळेचे बूट होते.

“डेची!” आज्जाचा आवाज एकदम कडक झाला. “घरी जा. ही मुलांची जागा नाही.”

“तुझी तरी कुठे आहे?” डेचम्मा म्हणाली. शाळेचे बूट फौजदारांकडे वळले. “साहेब, बार मी काढायला लावला. आज्जा नको म्हणत होता.”

“तुला कोणी शिकवून पाठवलं?” फौजदारांनी विचारलं.

“कोणी नाही. माचय्या आज्जा, माझ्या वेळी बार का नाही काढला? तुम्ही तेव्हा पण वडीलधारे होतात ना?”

माचय्यांच्या वहाणा मागे सरकल्या. “होतो,” ते हळूच म्हणाले.

“साहेब, आमची बंदूक आणा. दाखवते.”

दार उघडलं. सहाव्या दिवशी मी उजेडात आले. लोकेशने मला काखेत आडवी धरली होती.

“काका, तोंड खाली करा. आज्जाच्या पोटाकडे आहे.”

लोकेशने चपापून माझं तोंड जमिनीकडे केलं आणि मला टेबलावर ठेवलं. डेचम्माने आधी मला उघडलं. नळी रिकामी आहे हे पाहिलं. मग ती बोलली. “हिची खीळ तिरकी आहे. हिचा खळगा डावीकडे पडतो. हे त्या दिवशीचं काडतूस.” तिने खिशातून ते काढलं, शेजारी चकती आणि काड्यापेटी ठेवली. “काडतुसावर छर्र्यांच्या मापाचा चार आकडा आहे. चकतीवर पण चार. आणि आतले छर्रे आज्जाने आधीच काढले, ते यात आहेत.”

फौजदारांनी काड्यापेटी तळहातावर उपडी केली. मोहरीपेक्षा जरा मोठे छर्रे. हत्तीच्या कपाळातली गोळी त्यांनी स्वतः पाहिली होती, ती अंगठ्याएवढी होती. ते मला घेऊन अंगणात गेले आणि जप्त काडतुसांपैकी एक घालून मातीच्या ढिगात बार काढला. परत आल्यावर दोन्ही काडतुसांची बुडं शेजारी धरून पाहिली. दोन्हींवर खळगा डावीकडे होता, म्हणजे माझ्या नळीला आलेला दारूचा वास त्याच काडतुसाचा होता.

फौजदारांनी दोन्ही काडतुसं टेबलावर ठेवली.

“जा, उत्तय्या,” शेवटी ते म्हणाले. “उद्यापासून यायचं नाही. अटक नव्हतीच, त्यामुळे सुटकेचा कागद नाही.”

आज्जा उठला. त्याचे गुडघे वाजले.

“आणि डावरी?” डेचम्माने विचारलं.

“बंदूक अहवाल आल्यावर मिळेल.”

“मग पावती द्या. त्यावर सात नका लिहू. तिचा खरा नंबर नळीखाली आहे.”

फौजदारांनी तिच्याकडे पाहिलं. मग मला उलटी करून खरा नंबर वाचला आणि पावती लिहिली. लोकेशने मला पुन्हा आत नेलं. दार लागलं.

मला घरी यायला पुढे दोन महिने लागले. नळीतला थोडा गंज आजही गेलेला नाही. पण मित्रांनो, त्या खोलीत मला एक गोष्ट उमगली. जपणं म्हणजे नुसतं तेल लावणं नाही. आपलं माणूस किंवा आपली वस्तू कोणी नेली, तर कुठे नेली, कशासाठी नेली, कधी परत येणार, हे विचारणं म्हणजे जपणं. नम्रपणे विचारा, पण विचारत राहा. आणि बंदूक असो की अधिकार, तो ज्याच्या हातात असेल त्याने तोंड कोणाकडे आहे तेवढं आधी बघावं.

त्या मंगळवारी मी आत उभी होते. फटीतून कापडी बूट दाराकडे वळताना दिसले, त्यांच्यामागून वहाणा. शाळेचे बूट मात्र वळले नाहीत.

“चल, डेची,” आज्जा बाहेरून म्हणाला.

“साहेब, बाकीच्या बारा बंदुकांच्या पावत्या?”

“ज्यांच्या आहेत ते येतील तेव्हा बघू.”

“ते यायला घाबरतात.”

“मग मला आत्ता वेळ नाही.”

“मी थांबते,” डेचम्मा म्हणाली. बाक करकरला. मी फटीतून पाहिलं, उजेडाची पट्टी रिकामी होती. ती आज्जाच्या जागेवर बसली होती आणि तिचे पाय जमिनीपर्यंत पोचतच नव्हते.