घाण पट्टी

"हलू नकोस, बोलू नकोस, आणि घरी गॅसवर काय ठेवून आलीस त्याचा विचार तर मुळीच करू नकोस," असं नेहमीचं बजावत पट्टीताईंनी त्या मुलीच्या छातीवर शेवटची तार चिकटवली.

मुलगी म्हणजे सात आठवड्यांची बाळंतीण. बाळाला घेऊन सासू बाहेरच्या बाकावर बसली होती, पण तिचं डोकं दर दोन मिनिटांनी दारातून आत यायचं.

"फिट नेमकी कधी येते हो हिला?" पट्टीताईंनी त्या डोक्याला विचारलं.

"फोन वाजला की! सकाळी गजर झाला की! हे बाळ रात्री किंचाळलं की! थोडक्यात म्हणजे उठायची वेळ झाली, की आलीच. आम्हीही मुलं काढली, पण आम्हाला नाही सुचलं बाई हे."

सुनेने छताकडे पाहिलं. हे सगळं तिला पाठ असावं.

पट्टीताईंचं खरं नाव हजेरीपटावर होतं आणि तिथेच राहिलं होतं. अठ्ठावीस वर्षं त्या हृदयाचा आलेख काढत होत्या. पहिल्याच दिवशी त्यांना सांगितलं गेलं होतं, पट्टी काढायची, वाचायची नाही. वाचायला डॉक्टर आहेत. त्यांनी ते मुकाट्याने पाळलं. पण अठ्ठावीस वर्षं पत्रं वाटणाऱ्याला अक्षर ओळखता येऊ लागतं, त्याला काय करणार? कितीतरी शिकाऊ डॉक्टर आले, मोठे झाले, मोटारी घेऊन गेले. पट्टीताई त्याच खोलीत त्याच स्टुलावर होत्या, आणि त्याबद्दल त्यांची कुणाकडे तक्रारही नव्हती.

पट्टी सुरेख आली. वर यंत्राने आपणहून छापलं होतं, नॉर्मल. पट्टीताईंनी चष्मा वर केला. प्रत्येक ठोक्याच्या शेवटी एक उंचवटा येतो, तो इथे जरा जास्तच ऐसपैस पसरला होता, आणि त्याच्या माथ्यावर बारीकशी खाच होती. आणखी एक लांब पट्टी काढावी म्हणून त्यांनी बटण दाबलं. तेवढ्यात टेबलावरचा फोन खणखणला.

मुलगी दचकली. कागदावर दोन ठोके उमटले, मग मोठी मोकळी जागा, आणि मग रेघ पिसाळली. फुगायची, बारीक व्हायची, पीळ दिल्यासारखी पुन्हा फुगायची. मुलीचे डोळे पांढरे झाले. पट्टीताईंनी तिच्या मानेवर बोटं ठेवली. बोटांखाली काही लागेना.

"डॉक्टर!" त्या एवढ्या मोठ्याने ओरडल्या, की बाहेर बाळ रडायला लागलं.

सात सेकंद. मग रेघ आपली आपण ताळ्यावर आली. मुलीने डोळे उघडले आणि ओशाळून विचारलं, "आलीच का?"

शिकाऊ डॉक्टर धावत आला. त्याने तिला तपासलं, नाडी बघितली, मग कागद पाहिला आणि सुटकेचा निःश्वास सोडला. "फिटमध्ये हातपाय झाडले असतील, ताई. पट्टी हलली आहे. ही फाडून टाका आणि शांत झाली की चांगली काढा."

त्याचं चुकलं असं तरी कसं म्हणावं? या धंद्याची रीतच ती. रोगी खोकला, तार सुटली, की घाण पट्टी येते. ती टोपलीत टाकायची आणि स्वच्छ पट्टी फायलीला जोडायची. ज्याच्या पट्ट्या स्वच्छ तो हुशार. पट्टीताई या बाबतीत फार हुशार होत्या, सोळा वर्षांपूर्वीपर्यंत. तेव्हा एका गणिताच्या मास्तरांची अशीच पिळाची रेघ आली होती. तार ढिली असेल म्हणून त्यांनी ती फाडली आणि दुसरी, आरशासारखी लख्ख पट्टी फायलीला लावली. मास्तर हसत घरी गेले. नवव्या दिवशी त्यांची बायको कागद न्यायला एकटीच आली. पट्टीताईंना कुणीही बोल लावला नाही, कारण टोपलीतलं कुणाला माहीतच नव्हतं. त्यांना मात्र माहीत होतं. त्या दिवसापासून त्यांनी एक चिटोराही फाडला नव्हता.

"नाही फाडणार," त्या म्हणाल्या.

"काय?"

त्यांनी त्याला खिडकीपाशी बोलावलं आणि ड्रॉवरमधून शाळेतल्या कंपासपेटीतला कर्कटक काढला. आवाज मुलीपर्यंत जाणार नाही इतपतच ठेवला. "पट्टी हलली तरी आतला ठोका आपली चाल सोडत नाही, डॉक्टर. गोंधळातही डोकं वर काढतोच. हा ठोका. हा दुसरा. आता ह्याच अंतरावर पुढचा यायला हवा. दिसतोय?"

"नाही."

"त्याच्या पुढचा?"

डॉक्टरने कागद डोळ्यांजवळ नेला.

"हात हलले नाहीत तिचे. हृदयाचीच चाल मोडली होती. माझ्या बोटांना नाडी लागली नाही."

"म्हणजे आता रिपोर्ट तुम्ही देणार?"

"रिपोर्ट तुम्हीच द्या. मी फाडणार नाही, आणि तिला या खाटेवरून उठूही देणार नाही. साहेबांकडे माझी तक्रार करायची असेल तर आत्ताच करा, म्हणजे साहेब लवकर येतील."

पोराचं कौतुक करायला हवं. त्याने कर्कटक हातात घेतला, स्वतः मोजलं, पुन्हा मोजलं, आणि त्याच्या तोंडावरचा रंग उडाला. तो जिन्याच्या दोन-दोन पायऱ्या गाळत वर पळाला.

मोठ्या डॉक्टरांनी दोन्ही पट्ट्या उजेडात धरून बराच वेळ पाहिल्या. मग त्यांनी सासूला समोर बसवलं. "ही फिट मेंदूची नाही. हृदयाची आहे, जन्मापासूनची. हजारांत एखाद्याला असते. एकाएकी मोठा आवाज झाला की हृदय ताल सोडतं, आणि बाळंतपणानंतर जास्तच. हिला आज घरी पाठवली असती तर मी काही सांगू शकलो नसतो. आता इथेच ठेवू. नंतर रोज गोळी, आयुष्यभर. गजर बंद, फोन मुका."

सासूने पिशवीतून स्वतःचा फोन काढला, उलटसुलट केला, आणि शेवटी तो मोठ्या डॉक्टरांपुढे धरला. "ह्याचा आवाज कसा बंद करायचा हो?"

हे दुखणं रक्तातून येतं, म्हणून पंधरा दिवसांनी मुलीच्या आईला पट्टीसाठी बोलावलं. साठीची, ताठ बाई. आडवी झाल्यावर ती छताशी बोलावं तशी बोलायला लागली.

"माझी धाकटी बहीण एकोणिसाव्या वर्षी गेली. परीक्षा होती तिची. पहाटे गजर झाला, उठून बसली, आणि तशीच कलंडली. लोक वाट्टेल ते बोलले. विष घेतलं म्हणाले. आमची आई त्या बोलण्यानेच खंगली."

पट्टीताई तारा लावत राहिल्या.

"आता लेकीचं कळलं. म्हणजे तिलाही हेच होतं?"

"असेल," पट्टीताई म्हणाल्या. असं काही बोलायचा त्यांना अधिकार नव्हता.

"गजर मी लावला होता. तिला जाग येत नसे, म्हणून तिच्या उशाशी, अगदी कानापाशी ठेवला होता."

यंत्रातून कागद सरकत बाहेर येत होता. त्या ऐसपैस उंचवट्यावर तीच खाच होती. पट्टीताईंनी तो कागद घडी न घालता फायलीत ठेवला.

"तुम्ही तिला परीक्षेला उठवत होता," त्या म्हणाल्या. "आणि विष तिने घेतलं नव्हतं. एवढं आता कुणालाही सांगा. नाव माझं सांगितलंत तरी चालेल."

बाई उठून बसली. पोलक्याची बटणं लावू लागली, पण बटणं भलत्याच काजात जात होती. पट्टीताईंनी तिचे हात अलगद बाजूला केले, सगळी बटणं पुन्हा काढली, आणि गळ्यापासून खालपर्यंत एकेक करून नीट लावून दिली.